शिरस्त्राणाला खोबरेल लावू का?

प्रश्न : परदेशातल्या भावाने माझ्या मुलाला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटातल्या शिरस्त्राणाची मुठीएवढी प्रतिकृती पाठवली आहे. हाताला जड, थंडगार लोखंड वाटते. पावसाळ्यात गंजू नये म्हणून खोबरेल लावू का?
– एक वाचक, पार्से (पेडणे)

उत्तर : खोबरेल नको, आणि काळजीही नको. या चित्रपटांची चिलखते घडवणाऱ्या न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने काढलेल्या अशा छोट्या प्रतिकृती बहुधा पॉलिस्टोनच्या, म्हणजे दगडाची पूड मिसळलेल्या रेझिनच्या असतात. म्हणून त्या धातूसारख्या जड लागतात. गंजत मात्र नाहीत. तेलाने उलट धूळ चिकटते, रंगही बिघडू शकतो. शंका असल्यास लोहचुंबक जवळ धरून पाहा. ओढ जाणवली, तरच लोखंड समजा.

आपल्या दमट हवेत जपायचे ते बुरशीपासून. बंद काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, कडक ऊन टाळा, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. मूळ खोका कोरड्या जागी जपा. संग्राहक त्यालाही किंमत देतात. पॉलिस्टोन पडल्यास तुटते, म्हणून ते मुलाला खेळायला देऊ नका. टवका उडालाच, तर तुकडा सांभाळा. इपॉक्सीने जोडता येतो.