अगान्या : शहराची आणि बेटाची ओळख

गुआमची राजधानी अगान्या. वस्ती हजाराच्याही आत, पण विधिमंडळ, न्यायालय आणि कॅथेड्रल इथेच. शेजारच्या उद्यानात लात्ते दगडांचे खांब दिसतील. प्राचीन चामोरो लोक अशाच खांबांवर घरं उभारत.

गुआम हे मारियाना बेटांच्या माळेतलं सर्वांत दक्षिणेचं आणि सर्वांत मोठं बेट. तरी क्षेत्रफळ सुमारे ५४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडं कमीच. उत्तरेला प्रवाळी चुनखडीचं पठार आहे. तिथे पडलेला पाऊस थेट जमिनीत मुरतो, त्यामुळे नद्या नाहीत. हे गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं आणि बेटाच्या बहुतेक नळांना तेच येतं. दक्षिणेला ज्वालामुखीचे डोंगर, लाल माती, नद्या आणि धबधबे. सर्वांत उंच लामलाम डोंगर ४०६ मीटरचा.

हवा बारमाही उबदार, साधारण २४ ते ३१ अंश. जुलैपासून पावसाचे दिवस, जानेवारी ते जून तुलनेनं कोरडे. चक्रीवादळाला मात्र महिन्याचं बंधन नाही : पोंगसोना डिसेंबर २००२ मध्ये आलं, मावर मे २०२३ मध्ये. १९६२ च्या कॅरन वादळानं लाकडी घरं भुईसपाट केली. त्यानंतर सपाट छताची काँक्रीटची घरं रूढ झाली.

१८९८ मध्ये स्पेनकडून बेट अमेरिकेकडे आलं आणि कारभार नौदलाच्या हाती गेला. १९४१ ते १९४४ जपानचा कब्जा होता. १९५० च्या कायद्यानं रहिवाशांना अमेरिकी नागरिकत्व आणि मुलकी सरकार मिळालं. गव्हर्नर लोकांनी निवडायचा, ही सोय १९७० पासूनची. विधिमंडळाचं सभागृह एकच, सिनेटर १५; १९ गावांना प्रत्येकी महापौर. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात गुआमचा एक सदस्य बसतो, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकारही इथल्या नागरिकांना नाही. तरी निवडणुकीच्या दिवशी मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं असतात, लोक शिक्का मारतात, मोजणी होते. निकालात मात्र ती मतं धरली जात नाहीत.

पाहुण्यांसाठी थोडं व्यवहाराचं. चलन डॉलर, घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे, वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं. जेवणात शेंदरीच्या बियांनी रंगवलेला लाल भात जरूर घ्या. कोकणातल्यांना नीरफणसाची झाडंही ओळखीची वाटतील. एक दिवस दक्षिणेच्या किनारी रस्त्यासाठी राखा आणि उमाताक गावच्या खाडीपाशी थांबा.