फ्लॉपीवर अडलेलं मशीन: दुरुस्तीला किती मोजाल?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमधलं जुनं सीएनसी असो, इचलकरंजीत परदेशातून सेकंडहँड आणलेल्या मागावरचं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असो, नाहीतर भरतकामाचं मशीन. लोखंड ठणठणीत असतं आणि काम अडतं फ्लॉपीपाशी. अशा वेळी कुणी थेट "कंट्रोल पॅनेलच बदला" म्हटलं, तर लगेच मान डोलावू नका. त्याआधी तीन-चार स्वस्त पायऱ्या आहेत. खाली दिलेले आकडे अंदाजे आहेत, जीएसटी वेगळा.

मशीन चालू असेल, तर आजच फ्लॉप्यांच्या प्रती काढा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह हजार ते दोन हजारांत मिळतो. तो फक्त नेहमीच्या फॉरमॅटच्या फ्लॉप्या वाचतो. मशीनचा फॉरमॅट वेगळा असेल, तर ग्रीसविझल नावाचं छोटं बोर्ड आणि साधा जुना ड्राइव्ह लागतो. त्याला तीन ते पाच हजार धरा. सोनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणं २०११ साली थांबवलं, म्हणजे हातातल्या फ्लॉप्यांचं वय तुम्हीच मोजा.

फाउंड्रीच्या पट्ट्यात काळी धूळ ड्राइव्हच्या हेडवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवला, ३४ तारांची केबल काढून पुन्हा नीट बसवली, की कित्येकदा मशीन वाचायला लागतं. खर्च शंभर-दोनशे.

त्यानंतर गोटेक. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा हा डबा पेन ड्राइव्ह घेतो. किंमत दोन ते चार हजार. घेताना मशीनला १.४४ एमबी लागतं की ७२० केबी, ते आधी तपासा. मागच्या एस-० आणि एस-१ या जंपरची जागा चुकली, तर चांगला डबाही मुका राहतो.

गोटेक लावूनही तीच चूक, खात्रीचा दुसरा ड्राइव्ह लावूनही तीच, असं झालं तरच कंट्रोलर चिपवर संशय घ्या. जुन्या बोर्डावर ती बहुधा ४० पायांची असते. वर एनईसी ७६५, इंटेल ८२७२ किंवा वेस्टर्न डिजिटल १७९३ असा नंबर दिसतो. जुन्या साठ्यातली चिप काही शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत मिळते, पण नंबर पुसून दुसरा छापलेल्या चिपा बाजारात सर्रास आहेत. दोन-तीन घ्या आणि बोर्डावर सॉकेट बसवून घ्या.

चिप मिळतच नसेल, तेव्हा प्रोग्रामेबल लॉजिक. त्या चिपचं वागणं व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये लिहून एफपीजीएत उतरवायचं. छोटं एफपीजीए बोर्ड दीड ते अडीच हजार. जुना बोर्ड ५ व्होल्टचा आणि एफपीजीए ३.३ चा, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर. शिवाय ४० पायांत बसणारा पीसीबी. साहित्य पाच-सहा हजारांत उरकतं. तयार डिझाइन फुकट मिळतात, पण इथे फसगत होते. त्यांतली बरीच जुन्या संगणकांच्या नकलेसाठी लिहिलेली आहेत आणि एसडी कार्डावरच्या प्रतिमेशी बोलतात. खऱ्या ड्राइव्हकडून (किंवा गोटेककडून) १.४४ च्या फ्लॉपीसाठी दोन, तीन वा चार मायक्रोसेकंदांच्या अंतराने ठोके येतात. गती किंचित मागेपुढे झाली तरी त्यांतून बिट वेगळे काढणारा भाग लागतो. तो डिझाइनमध्ये आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

खरा खर्च माणसाच्या वेळेचा. साठ तासांचं काम, ताशी पाचशे रुपये, असं धरलं तर तीस हजार. एकाच जातीची चार मशीनं असलेल्यांनी एकत्र येऊन वाटून घेतलं, तर परवडतं. जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात हा उत्तम प्रकल्प होईल. मात्र ऑर्डर अडकलेली असताना परीक्षेच्या वेळापत्रकावर विसंबू नका, अनुभवी माणूस गाठा.

ठरवताना कागदावर लिहून घ्या: डिझाइनची मूळ फाइल, एक जादा बोर्ड, आणि शेवटचा हप्ता मशीन सलग आठ पाळ्या चालल्यावर.