वैरणीच्या कोठारातील उंदीर व त्यांचा निर्धोक बंदोबस्त

कपाशीचे वेचे आटोपून जिनातली सरकी आणि तेलाच्या घाणीवरची ढेप घरी आली, तुरीहरभऱ्याचे कुटार भरून झाले, ज्वारीच्या कडब्याची गंजी लागली, म्हणजे आम्हा वऱ्हाडातील शेतकऱ्यांस गुरांच्या वर्षभराच्या तजविजीचे समाधान वाटते. परंतु या साठ्यावर ज्यांची दृष्टी असते त्यांत आपली गुरे तेवढीच नसतात. एक प्रौढ उंदीर दिवसास सुमारे 20 ग्रॅम दाणा खातो असे धरले तरी पन्नास उंदरांस रोज एक किलो लागतो, आणि वर्षाकाठी साडेतीन क्विंटलांहून अधिक ढेप वा सरकी त्यांच्या पोटी जाते. खाण्यापेक्षा त्यांची नासाडी मोठी. पोती कुरतडून सांडलेले व मुताने भिजलेले जे असते त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

हे चोर एका जातीचे नव्हेत. आढ्यावरून व वळचणीवरून धावणारा तो काळा घरउंदीर. भिंतीच्या पायाखाली पोखरून मातीचे ढिगारे बाहेर काढणारी ती घूस. तिसरे शेतातले उंदीर. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्या त्यांस आयत्या घरासारख्या होतात. शेते मोकळी झाली, किंवा पहिल्या पावसाने बिळांत पाणी शिरले, की त्यांतील पुष्कळ गावाकडे वळतात. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतास पाचसात पिल्ले होतात, आणि ती पिल्लेही काही महिन्यांतच विण्याजोगी होतात. म्हणून दोनचार उंदीर दिसले असता ‘इतक्याने काय होते’ असे म्हणून स्वस्थ बसणे परवडत नाही.

रोगाचे भय निराळेच. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूने माणसे आजारी पडतात, गाईम्हशी गाभडतात व दुभती जनावरे एकाएकी आटतात. 1896 साली मुंबईत शिरलेला प्लेग उंदरांवरील पिसवांनीच पसरविला होता, आणि 1994 साली आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यात त्या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. विष घातलेले नसता गावात उंदीर मरून पडू लागले तर त्यांस हात न लावता आरोग्य खात्यास तत्काळ कळवावे.

आता उपायांकडे वळतो; पण त्याआधी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही झिंक फॉस्फाईड ज्वारीच्या पिठात कालवून त्याच्या गोळ्या कोठ्यातील तुळईवर ठेविल्या. गुरांचे तोंड तेथवर पोचत नाही, एवढाच विचार केला. उंदीर आपले भक्ष्य जागच्या जागी खातोच असे नाही, ते ओढून नेतो, हे लक्षात आले नाही. रात्री एक गोळी गव्हाणीत पडली. सकाळी वर्षाची कालवड पोट फुगून धापा टाकीत असलेली आढळली. पशुवैद्य आले, गव्हाणीतील काळसर पीठ पाहताच त्यांनी कारण ओळखले. हे विष पोटातील आम्लाशी मिळताच विषारी वायू सोडते आणि त्यास उतारा नाही. दुपारपर्यंत कालवड गेली.

तेव्हापासून कोठ्यात व वैरणीच्या खोलीत हे विष आम्ही येऊ देत नाही. वापरावयाचेच तर ते शेतातील बांधावर, जिवंत बिळाच्या आत खोल, कागदाच्या पुडीत घालून तोंड मातीने बुजवून. तेही दोनतीन दिवस साधे दाणे घालून उंदरांस सवय लावल्यानंतर. कारण एकदा पोट दुखून वाचलेला उंदीर त्या भक्ष्यास पुन्हा शिवत नाही. कोणते बीळ जिवंत हे ओळखण्यास सायंकाळी सर्व बिळे चिखलाने लिंपावी. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचे तर नावच काढू नये. त्यांचा वायू भिंतीच्या फटीतून निजलेल्या माणसांपर्यंत पोचतो, आणि कायद्यानेही त्यांचा वापर मर्यादित केला आहे.

खरा बंदोबस्त बांधणीत आहे. ढेपेची पोती जमिनीवर न टाकता हातभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावी, म्हणजे मागे मांजरास फिरता येते व आपणांसही पाहता येते. फळ्यांच्या पायांस पत्र्याचे उपडे नरसाळे बसवावे. सरकी शक्य तर पत्र्याच्या कोठीत भरावी. दाराच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा. बोटभर फटीतूनही लहान उंदीर आत येतो. घुशीची बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावी, नुसती माती ती एका रात्रीत उकरते. गव्हाणीत रात्री दाणा शिल्लक ठेवू नये. गंजी कोठ्यापासून दूर रचून भोवतालचे गवत काढून टाकावे. उंदरांनी मुतलेली ढेप ‘फुकट जाईल’ म्हणून गुरांस घालू नये. बुरशी लागलेलीही नको.

यावरही उंदीर उरल्यास पिंजरे व सापळे भिंतीच्या कडेने लावावे, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जाण्यास भितो. तेवढ्याने भागत नसेल तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या येतात. यांत औषधाचे प्रमाण शेकडा 0.005 असते, उंदीर काही दिवसांनी रक्तस्राव होऊन मरतो, त्यामुळे इतरांस संशय येत नाही. यास ‘क’ जीवनसत्त्वाचा नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पण तो वैद्यानेच द्यावयाचा. वडी मोकळी ठेवू नये. तीन इंची भोकाच्या पत्र्याच्या पेटीत तारेने बांधावी, म्हणजे ओढून नेता येत नाही, व पेटी गव्हाणीपासून दूर खिळ्याने पक्की करावी. किती वड्या घातल्या, किती उरल्या हे लिहून ठेवावे. विष घरच्या भांड्यात कालवू नये, हातमोजे घालावे, आणि मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावे. नाहीतर ते खाऊन कुत्री, मांजरे व घुबडे मरतात.

घुबडाचे नाव निघाले म्हणून लिहितो. पांढऱ्या तोंडाच्या ज्या पक्ष्यास लोक अपशकुनी समजून हाकलतात, त्यास आपल्या भाषेने ‘गव्हाणी घुबड’ असे नाव दिले आहे ते उगीच नव्हे. त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेल्या गोळ्या फोडून पाहाव्या, आत उंदरांच्या कवट्या सापडतील. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक जोडी आहे. तिच्यासाठी आम्ही विषाची पेटी केवळ अगदी नाइलाज झाला तरच काढतो. धामणीसही मारू नये.

एकट्या घरी केलेला उपाय फार टिकत नाही, शेजारच्या कोठ्यातून महिन्याभरात उंदीर परत येतात. मे महिन्यात, शेते उघडी असून उंदरांस बाहेर अन्न थोडे असते, तेव्हा साऱ्या गावाने एकाच आठवड्यात बिळे बुजविणे व सापळे लावणे आरंभावे, आणि मृग लागण्यापूर्वी बांधांवरून एक फेरी पुन्हा मारावी.