कुलूप खरे, पण घर कोणाचे?

२०२२ च्या दिवाळीच्या सुटीत मी इंदुरास रामबागेत आत्याकडे गेलो होतो. तिने विजेचे बिल संगणकावरून भरले. ६,८०० रुपये खात्यातून गेले. बिल मात्र थकलेलेच राहिले. शोध घेताना सापडलेले ते पान वीज कंपनीचे नव्हतेच! आत्या पुन्हा पुन्हा म्हणे, "अरे, वर कुलपाचं चित्र होतं की! ते बघूनच भरले मी." मग ते कुलूप खोटे होते काय? त्याचाच उलगडा येथे करावयाचा आहे.

आपण पाठविलेला मजकूर घरातील वायफाय, इंटरनेट पुरविणारी कंपनी आणि वाटेवरील अनेक यंत्रे यांतून जातो. उघडा मजकूर म्हणजे पोस्टकार्डच. ज्याच्या हाती पडेल तो वाचील, प्रसंगी बदलीलही. म्हणून तो सांकेतिक रूपात पाठवितात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. पत्त्याच्या आरंभीचे 'एचटीटीपीएस' ही त्याची खूण होय.

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवितात. ती खूण दोघांना आधीच ठाऊक असते. परंतु आत्या आणि दूरचा संगणक यांची पूर्वओळखच नाही. मग किल्ली ठरावयाची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी यावर तोड सुचविली. लहानसे उदाहरण घेऊ. २ आणि ११ या संख्या सर्वांना ठाऊक आहेत. मी मनात ३ धरले. २ चा तिसरा घात ८; ११ ने भागता बाकी ८. तुम्ही ४ धरले. २ चा चौथा घात १६, बाकी ५. माझे ८ आणि तुमचे ५ आपण चारचौघांत सांगू. आता मी ५ चा तिसरा घात करतो : १२५, बाकी ४. तुम्ही ८ चा चौथा घात करा : ४०९६, बाकी पुन्हा ४! हीच आपली किल्ली. ती कोणी उच्चारलीही नाही. प्रत्यक्षात संख्या इतक्या प्रचंड असतात की, ऐकणाऱ्यास उलटा हिशेब करणे आजच्या संगणकांच्या बळावरही शक्य होत नाही.

पण समोर चोरच बसला असेल तर? त्यासाठी प्रमाणपत्र असते. एखादी मान्यताप्राप्त संस्था संकेतस्थळाच्या नावाची साक्ष देते. मात्र बहुतेक प्रमाणपत्रे 'हे नाव याच्या ताब्यात आहे' एवढेच सांगतात. तो चारित्र्याचा दाखला नव्हे. चोरही मिळतेजुळते नाव घेऊन असे प्रमाणपत्र मिळवू शकतो. तेव्हा कुलूप खरेच होते. आत्याचे पैसे वाटेत कोणी लुटले नाहीत. ते अगदी सुरक्षितपणे चोराच्या घरी पोहोचले!

लोकांचा हा गैरसमज ओळखून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे चित्र काढले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना '.बँक.इन' या राखीव शेवटाची नावे घेण्यास सांगितले, ते नावाची ओळख पक्की व्हावी म्हणूनच.

विद्यार्थी मित्रहो, गणिताने रस्ता सुरक्षित केला आहे. दारावरची पाटी वाचणे आपल्याकडेच आहे. पत्ता स्वतः टंकित करावा, अक्षर न् अक्षर तपासावे आणि फसगत झालीच तर संकोच न करता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. आत्याने लाजेपायी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. पैशापेक्षा मला ते दोन दिवस अधिक सलतात.