वापराविना पडलेले भूगर्भांतील हक्क कोणाकडे परत जातात ?

मागील हंगामांत राजापेठेंत जमलेल्या कांहीं खातेदारांत एका प्रश्नावर बराच वेळ बोलणें झालें. प्रश्न असा कीं, एकाद्या शेताखालचें तेल, वायु अथवा कोळसा काढण्याचा हक्क सरकारनें किंवा कंपनीनें घेतला, चारदोन बोअर पाडले, आणि पुढें वर्षानुवर्षें तेथें कोणी फिरकलें नाहीं, तर तो हक्क परत कोणाकडे येतो ? बहुतेकांचें मत असें पडलें कीं, ज्याचें शेत त्याचेंच खालचें धन; सबब हक्क सुटला कीं तो शेतकऱ्याकडे आला. हें मत ऐकावयास गोड आहे, परंतु तें खरें नाहीं, आणि त्यावर विसंबून व्यवहार केल्यास नुकसान होण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें अवश्य वाटतें.

प्रथम मुळाकडे जाऊं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या ४८ व्या कलमानें जमिनीच्या पृष्ठभागावर किंवा पोटांत, कोठेंही सांपडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारनें स्वतःकडे राखून ठेवला आहे. कोठें जुने विशेष हक्क शाबूत असतील तेवढे सोडले, तर सातबाऱ्यावर आपलें नांव आहे तें नांगरटीच्या, विहिरीच्या व झाडांच्या जमिनीपुरतें, खालच्या कोळशापुरतें नव्हे. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मलबारांतील जमीनदारांच्या एका दाव्यांत असा निकाल दिला कीं, कायद्यानें काढून घेतलेला नसेल तर भूगर्भाचा हक्क जमिनीच्या मालकीबरोबरच जातो. या निकालाची कात्रणें दाखवून आपल्याकडेही लोक आशा धरतात. परंतु त्या निकालांतील "कायद्यानें काढून घेतलेला नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या प्रांतांत ४८ वें कलम स्पष्ट लिहिलेलें आहे, तेव्हां वऱ्हाडांतील खातेदारानें त्या निकालावर फार भिस्त ठेवूं नये, असें आमचें मत आहे.

आतां हक्क परत घेण्याच्या नियमाकडे वळूं. हा नियम कॅनडांतील आल्बर्टा प्रांतानें जितक्या बारकाईनें बसविला तितका क्वचितच कोठें बसविला असेल. तो प्रांत गव्हाचा आणि तेलाचा. तेथील सुमारें ८१ टक्के खनिजहक्क सरकारचे आहेत. तेथें कंपनीस पट्टा मिळतो तो जमिनीच्या एका तुकड्याखालच्या थरांचा. पूर्वीं असें होई कीं, कंपनी एकाच थरांतून वायु काढी आणि त्या एका विहिरीच्या जोरावर वरचे-खालचे सारे थर अडवून बसे. आपल्याकडे कोणी वीस एकर मक्त्यानें घेऊन दोन एकरांत कपाशी लावावी, उरलेलें पडीत ठेवावें आणि दुसऱ्यासही वाहूं देऊं नये, तसाच तो प्रकार. यावर सरकारनें आधीं असा नियम केला कीं, मुदत संपतांना सर्वांत खोल उत्पादक थराच्या खालचे हक्क सरकारजमा व्हावे. पुढें २००९ पासूनच्या नव्या पट्ट्यांना उथळ थरांचाही नियम लागू झाला : सर्वांत वरच्या उत्पादक थराच्याही वर जे थर न उकलतां राहिले असतील, ते सरकारकडे परत यावे. उथळ वायूचा दाब कमी व प्राप्ति थोडी, म्हणून मोठ्या कंपनीस त्याची गोडी नसते. लहान कंपनीस मात्र तें काम पुरतें. हक्क मोकळे झाले तर तिला ते घेतां यावे, हा हेतु.

परंतु आमच्या वाचकांनीं यांतील एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हे उथळ हक्क परत गेले ते सरकारकडे. वरच्या शेतांत गहूं पेरणाऱ्याकडे नव्हेत. उलट त्याच्या दृष्टीनें पहातां, एक कंपनी वर वावरत असतांनाच तिच्याच शेजारीं दुसरी येण्याची वाट या नियमानें मोकळी झाली. त्याला मिळावयाचें तें पृष्ठभागाच्या वापराचें भाडें व नुकसानभरपाई एवढेंच.

हिंदुस्थानांत तेलाचे हक्क असे थराथरानें परत घेण्याची रीत पडलेली नाहीं. येथें परत येतें तें क्षेत्र. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखालीं जमिनीवरील तेलाचा पट्टा राज्य सरकार केंद्राच्या संमतीनें देतें व स्वामित्वधन राज्यास मिळतें. शोधाचें काम टप्प्याटप्प्यानें चालतें, आणि टप्पा संपतांना कांहीं भाग सोडून द्यावा अशा अटी करारांत घालीत. न वापरलेले हक्क परत आल्याचें ठळक उदाहरण २०१५ चें आहे. ओएनजीसी व ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांकडे तेल-वायु सांपडलेलीं, पण लहान किंवा आडबाजूचीं म्हणून विकसित न केलेलीं ६९ क्षेत्रें होतीं. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें त्यांचें धोरण ठरविलें आणि २०१६ सालीं त्यांपैकीं ६७ क्षेत्रें ४६ गट पाडून लिलावास काढलीं. येथेंही हक्काचा प्रवास कंपनीकडून सरकारकडे व सरकारकडून दुसऱ्या कंपनीकडे, एवढाच.

आपल्या अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीखालीं अग्निजन्य काळ्या दगडाचे जाड थर आहेत. त्यांच्याही खालीं जुने गाळाचे खडक असावेत म्हणून तेलशोधक या पट्ट्याकडे पहातात; तथापि येथें व्यापारी प्रमाणावर तेल वा वायु निघालेला नाहीं. तेव्हां तेलाची चर्चा तूर्त ज्ञानापुरती. कोळशाची मात्र तशी नाहीं. वऱ्हाडाच्याच पूर्वेस यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत उकणी, निलजई, कोलारपिंपरी या खाणींच्या भोंवतालीं जे शेतकरी आहेत, त्यांच्या दृष्टीनें हा रोजच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

कोळशासाठीं जमीन घेण्याचा कायदा १९५७ चा. त्यांतील तारखांचा क्रम समजला नाहीं तर शेतकरी दोनही बाजूंनीं फसतो. उगाच घाबरून स्वस्तांत विकतो, किंवा निर्धास्त राहून हरकतीची मुदत चुकवितो. चौथ्या कलमाखालीं राजपत्रांत अधिसूचना निघते, ती केवळ शोध घेण्याच्या इराद्याची. या वेळीं अधिकारी शेतांत येऊन मोजणी करूं शकतात, बोअर पाडूं शकतात. पण जमीन शेतकऱ्याचीच रहाते आणि पिकाचें नुकसान झाल्यास सहाव्या कलमान्वयें भरपाई मिळावयास पाहिजे. पुढें दोन वर्षांत, व वाढवून घेतल्यास आणखी जास्तींत जास्त एक वर्षांत, सातव्या कलमाखालीं संपादनाच्या इराद्याची सूचना निघाली पाहिजे. ती न निघाल्यास पहिली अधिसूचना तिच्या तारखेपासून तीन वर्षें पुरीं होतांच आपोआप रद्द होते. समजा, ती १० जून २०२१ ची असेल आणि सातव्या कलमाची सूचना निघालीच नसेल, तर जून २०२४ च्या त्या तारखेनंतर शेतावर तिचा कांहीं भार उरत नाहीं. एकादा दलाल जुनी अधिसूचना दाखवून "तुमची जमीन खाणींत गेली, मिळेल तें घ्या" असें म्हणूं लागला, तर त्याच्यापुढें प्रथम ही तारीख ठेवावी.

सातव्या कलमाची सूचना निघाली तर मात्र झोंप सोडली पाहिजे. तिच्यापासून तीस दिवसांच्या आंत आठव्या कलमाखालीं हरकत घेतां येते. "खाण मीच चालवीन" ही हरकत चालत नाहीं, हें कायद्यानेंच सांगून ठेवलें आहे. सूचनेपासून तीन वर्षांच्या आंत नवव्या कलमाची जाहीर घोषणा झाली पाहिजे. ती झाली म्हणजे जमीन किंवा हक्क सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जातात.

येथून पुढें परत येण्याची आशा फार बारीक आहे, आणि गैरसमज होतो तो नेमका येथेंच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यांतील १०१ वें कलम म्हणतें कीं, ताबा घेतल्यापासून पांच वर्षें जमीन न वापरतां राहिली तर ती मूळ मालकास, त्याच्या वारसांस, किंवा सरकारच्या भूमिपेढीस परत जावी. पण हा नियम त्या कायद्यानें घेतलेल्या जमिनीचा. कोळशाचा १९५७ चा कायदा त्याच्या चौथ्या परिशिष्टांत टाकून वेगळा ठेवलेला आहे. १ जानेवारी २०१५ पासून नव्या कायद्याचा मोबदला व पुनर्वसन कोळशाच्या जमिनींनाही लागू झालें, परत देण्याचें कलम नव्हे. शिवाय एप्रिल २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ठरविलें कीं, कोळसा काढून झालेली किंवा कोळशास निरुपयोगी ठरलेली जमीन, मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवून, इतर प्रकल्पांस भाड्यानें द्यावी. ज्याच्या बापाचें शेत होतें तो या हिशेबांत कोठें दिसत नाहीं, ही गोष्ट आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पण कायदा आज असा आहे.

चुनखडीसारख्या इतर मोठ्या खनिजांचा खाणपट्टा दोन वर्षें उत्पादन व वाहतूक न केल्यास बाद होतो. २०२१ च्या दुरुस्तीनें राज्य सरकार एकदांच, फार तर एक वर्ष, मुदत वाढवूं शकतें. बाद झालेला पट्टा अर्थातच सरकारकडे.

मग शेतकऱ्याच्या हातीं काय उरतें ? तें संहितेच्या त्याच ४८ व्या कलमांत आहे, पण पुढच्या पोटकलमांत, जेथपर्यंत फारसे लोक वाचीत नाहींत. खनिज काढण्यासाठीं पृष्ठभाग अडविला किंवा बिघडविला तर सरकारनें वा पट्टेदारानें नुकसानभरपाई द्यावी. ती जिल्हाधिकाऱ्यानें ठरवावी. आणि ती ठरवून देऊं केल्याशिवाय, जिल्हाधिकाऱ्याच्या आगाऊ मंजुरीवांचून पट्टेदारानें शेतांत पाऊल टाकूं नये. पट्टा एकाकडून सुटून दुसऱ्याकडे गेला कीं नव्या पट्टेदारासही हें सारें लागू होतें. जुन्यानें भरपाई दिली होती, ही सबब नवीन नुकसानीस पुरत नाहीं.

यंत्र धुऱ्याच्या आंत येण्यापूर्वीं मंजुरीची नक्कल मागावी, उभ्या पिकाचा पंचनामा तलाठ्यासमक्ष करून घ्यावा, व सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत काय नोंद झाली तें पहावें. काम सोडून गेलेल्यानें बोअर उघडाच टाकला असेल तर तो बुजवून देण्याविषयीं लेखी अर्ज करावा. खारपाणपट्ट्यांत तर हें अधिकच जरूर आहे. तेथें खारें पाणी एका थरांतून दुसऱ्यांत उतरलें म्हणजे शेजारची गोडी विहीर जाण्याचें भय असतें.

जुन्या अधिसूचनेचा संशय असल्यास तिची राजपत्रांतील प्रत मिळवून कलम व तारीख या दोनच गोष्टी आधीं वाचाव्या, आणि ती प्रत फेरफाराच्या कागदांबरोबरच ठेवावी.