सबमॉड्यूल गुपचूप मागे जातं तेव्हा

बग दुरुस्त झाला होता, रिव्ह्यू झाला होता, मर्जही झालं होतं. तरीही पुढच्या रिलीजमध्ये तोच बग पुन्हा हजर! माझ्या डोळ्यांदेखत एका टीमवर ही वेळ आली. कारण सापडलं ते दोन ओळींच्या डिफमध्ये. वजा चिन्हापुढे लायब्ररीचा नवा कमिट होता आणि अधिक चिन्हापुढे जुना.

झालं होतं असं: लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे मुख्य रेपॉझिटरीला जोडलेली वेगळी रेपॉझिटरी म्हणून, वापरात होती. एकाने ते सबमॉड्यूल नव्या कमिटवर नेलं. दुसरीने ‘गिट पुल’ केलं. मुख्य रेपॉझिटरी ताजी झाली, पण सबमॉड्यूलच्या फोल्डरमधला कोड जुनाच राहिला. साधं पुल त्याला हात लावत नाही. मग तिने सगळे बदल एकदम घेणारं ‘गिट कमिट -ए’ चालवलं आणि जुना कमिट पुन्हा नोंदला गेला.

गिटच्या 1.5.3 आवृत्तीत, 2007 साली, सबमॉड्यूलची सोय आली. मुख्य रेपॉझिटरी सबमॉड्यूलचा कोड साठवत नाही, फक्त एका कमिटचा हॅश साठवते. म्हणूनच जुना टॅग चेकआउट केला तरी त्या वेळची नेमकी लायब्ररी मिळू शकते. क्यूटीसारख्या मोठ्या प्रकल्पाचे भाग याच पद्धतीने एकत्र बांधलेले आहेत. मात्र ही नोंद आपणहून पुढे सरकत नाही.

त्यामुळे टीममधल्या प्रत्येकाने ‘सबमॉड्यूल.रिकर्स’ हे सेटिंग चालू ठेवावं; मग पुल आणि चेकआउट सबमॉड्यूललाही सोबत नेतात. क्लोन करताना मात्र ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ वेगळं लिहावं लागतं.

लायब्ररी पुढे नेण्याचा कमिट स्वतंत्र असावा. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --रिमोट’ चालवावं, टेस्ट पास झाल्या की मगच कमिट करावं. रिव्ह्यू करणाऱ्याने ‘गिट डिफ --सबमॉड्यूल=लॉग’ वापरावं. नुसत्या हॅशऐवजी कमिटची यादी दिसते आणि लायब्ररी मागे चालली असेल तर तिथेच कळतं.

सबमॉड्यूलमध्ये काम करायचं तर आधी ब्रँच चेकआउट करावी, कारण अपडेटनंतर हेड सहसा डिटॅच्ड, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर नसलेलं, असतं. पुश करताना ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स=चेक’ द्यावं; सबमॉड्यूलचा कमिट सर्व्हरवर नसेल तर गिट पुश अडवतं.

सबमॉड्यूलच्या पत्त्यांवरही लक्ष हवं. मार्च 2022 मध्ये गिटहबने ‘गिट://’ प्रोटोकॉल बंद केला, तेव्हा तसे पत्ते असलेली सबमॉड्यूल्स आणता येईनाशी झाली. अशा वेळी हे पत्ते नोंदणारी ‘.गिटमॉड्यूल्स’ फाइल एकाने सुधारली तरी आधीच क्लोन असलेल्या प्रत्येकाला ‘गिट सबमॉड्यूल सिंक’ चालवावं लागतं.