घड्याळ मागे पडले!

परवा आमच्या घरच्या संगणकाने भलताच हट्ट धरला. कोणतेही संकेतस्थळ उघडू जावे, तर ब्राउझर बजावी, 'आपली जोडणी खाजगी नाही.'

"आजोबा, अँटीव्हायरस काढून टाकू या का?" नातवाने विचारले. रखवालदाराला हाकलण्यापूर्वी चौकशी तरी नको का? संदेशाखालची बारीक ओळ त्याने वाचलीच नव्हती: 'प्रमाणपत्राची तारीख ग्राह्य नाही.' कोपऱ्यात पाहतो तो १ जानेवारी २००९!

सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर आरंभाची व अखेरची तारीख असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्यामुळे आजची प्रमाणपत्रे त्याला अद्याप सुरूच न झालेली वाटत होती. वीज बंद असताना घड्याळ चालविणारी, नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी संपली होती. ती बदलून तारीख लावली. संकेतस्थळे पूर्ववत उघडली.